साखर कारखान्याच्या प्रेसमडपासून गॅस कसा होतो? सीझन संपल्यावर काय?

बिलोली तालुक्याला साखर कारखाना नवा नाही. शंकरनगरच्या ‘गोदावरी मनार’चं नाव इथं घरोघरी माहीत आहे. उसाचा रस गाळताना जो काळपट गाळ उरतो, तो प्रेसमड. शेतकरी तो ट्रॉलीनं आणून शेतात टाकतात. आता त्याच प्रेसमडपासून गॅस निघतो.

काम गोबरगॅससारखंच आहे, फक्त टाक्या मोठ्या. प्रेसमड पाण्यात कालवून हवाबंद टाकीत सोडतात. टाकीतले जिवाणू तो कुजवतात आणि गॅस तयार होतो. त्यात साधारण 55 ते 65 टक्के मिथेन असतो. कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड काढून टाकला, गॅस दाबून भरला, की तो सीएनजीसारखा वाहनात चालतो. याला सीबीजी म्हणतात. केंद्राच्या 2018 च्या ‘सतत’ योजनेत तेल कंपन्या तो विकत घेतात.

हिशोब असा. उसाच्या 3 ते 4 टक्के प्रेसमड निघतो. रोज 2500 टन गाळप असेल तर 75 ते 100 टन. साधारण 25 टन प्रेसमडपासून 1 टन सीबीजी होतो, म्हणजे रोज 3 ते 4 टन.

हा गॅस कारखान्याच्या बॉयलरला लागतोच असं नाही, तिथं बगॅस असतो. डिस्टिलरी असेल तर मात्र स्पेंटवॉशचा गॅस बॉयलरमध्ये जाळून इंधन वाचवतात. ही पद्धत राज्यात जुनी आहे.

खरी अडचण सीझनची. गाळप चार-पाच महिने, पण टाकीतल्या जिवाणूंना बारा महिने खायला लागतं. प्रेसमडचा ढीग उघडा ठेवला तर आतून तापतो, कुजतो आणि गॅस कमी देतो. म्हणून झाकून साठवावा लागतो, किंवा शेण, नेपियर गवत, भाजीपाल्याचा कचरा असा दुसरा माल लागतो. सोयाबीनचं भुसकट आपल्याकडं भरपूर, पण ते लवकर कुजत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगावच्या सहकार महर्षी शंकरराव कोल्हे कारखान्यात ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झालेला प्रकल्प अशा वेगवेगळ्या मालावर चालेल असाच बांधलाय.

मग आमच्या खताचं काय? गॅसमध्ये कार्बन जातो. नत्र, स्फुरद, पालाश बरंचसं स्लरीत राहतं, त्यामुळं ती शेतात चालते. पण पूर्वी स्वस्तात मिळणारा प्रेसमड आता मिळेलच असं नाही, आणि स्लरी कोणत्या भावानं देणार हे आधीच लेखी घेतलेलं बरं. ऊसदराच्या 70-30 सूत्रात साखरेबरोबर बगॅस, मळी आणि प्रेसमडची किंमतही धरतात. कारखाना स्वतःच्याच गॅस प्रकल्पाला प्रेसमड देतो तेव्हा कागदावर काय भाव लावतो, हे सभासदांनी वार्षिक सभेत विचारावं.

आणखी एक, रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत किंवा खड्ड्यात कुणीही उतरू नये. आतल्या विषारी गॅसनं माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि वाचवायला उतरलेलाही जातो.