माया कापड: रंगाआधी मजुरी
ग्वाटेमालातल्या माया कापडाची लहान मुलांची झबली ‘पर्यावरणस्नेही’ आणि ‘न्याय्य व्यापारातली’ म्हणून विकली जातात. पैकी पहिल्या विशेषणाला इतिहासाचा आधार तोकडा आहे. कमरेला पट्टा बांधून बायका चालवतात तो माग स्पॅनिश लोकांच्या आधीचा, हे खरे. पण पायमाग त्यांनीच आणला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले, तशी नीळ आणि कोचिनील किड्याचा लाल रंग मागे पडला. आज डोळ्यांत भरणारी ‘पारंपरिक’ झळाळी बहुतेक कारखान्यातलीच. दुसऱ्या विशेषणाची मुळे मात्र खोल आहेत, आणि रक्ताळलेली. १९६० ते १९९६ च्या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. ओळख पटलेल्या बळींत ८३ टक्के माया होते. मागे उरलेल्या विधवांनी पोटासाठी विणकामाच्या सहकारी संस्था उभारल्या.

परंपरा बाजारात नेली की बाटते, हा आक्षेप मला पोकळ वाटतो. हे कापड बाजारात पूर्वीपासूनच आहे. वाद आहे तो भाव कोण ठरवतो याचा. २०१६ मध्ये माया विणकरणी नक्षीवरच्या सामूहिक हक्कासाठी घटनात्मक न्यायालयात गेल्या, त्या याचसाठी. झबल्यावर ‘नैसर्गिक’ छापणाऱ्यांनी आधी विणकरणीची मजुरी छापावी.