मेडफर्डचे सुरवंट आणि युरोपातील भुंगेरा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेडफर्ड या गावी इ.स. १८६८-६९ च्या सुमारास एका फ्रेंच गृहस्थाच्या परसातून काही सुरवंट निसटले. लेओपोल्ड त्रूव्हेलो हे त्याचे नाव. १८५१ साली लुई नेपोलियनने सत्ता बळकावल्यानंतर हा प्रजासत्ताकवादी मनुष्य मायदेश सोडून अमेरिकेत येऊन राहिला होता. चित्रकला हा त्याचा व्यवसाय आणि रेशमाचे किडे पाळणे हा छंद. आपल्याकडील टसर किड्याच्या जवळच्या नात्यातील एक अमेरिकन पतंग तो मोठ्या संख्येने वाढवीत असे. त्याच नादात त्याने युरोपातून जिप्सी पतंगाची अंडी आणविली. सुरवंट निसटल्याचे त्याने जाणकारांच्या कानावर घातले होते असे म्हणतात. परंतु कोणी ते मनावर घेतले नाही. पुढे तो खगोलशास्त्रात रमला आणि १८८२ मध्ये फ्रान्सला परतला.

१८८९ च्या उन्हाळ्यात मेडफर्डची झाडे निष्पर्ण झाली. भिंती, कुंपणे, पायवाटा यांवर सुरवंटांचे थर साचले. माणसे ते झाडून, खरवडून दमली. दुसऱ्या वर्षी राज्य सरकारने मोहीम उघडली. अंडी वेचली, झाडांवर विष फवारले. शिशाचे आर्सेनेट हे जहरी औषध १८९२ साली याच किडीसाठी प्रथम वापरात आले. १९०० साली कीड आटोक्यात आल्यासारखी दिसताच विधिमंडळाने पैसा बंद केला. (काम निम्म्यावर असता खर्च वाचविण्याची बुद्धी सर्व देशांत सारखीच!) पाच वर्षांत कीड पूर्वीपेक्षा दूरवर पसरली.

हाच पतंग युरोपात युगानुयुगे राहत आला आहे. तिथेही त्याची संख्या कधीकधी भडकते, पण तिथे त्याचे शत्रूही आहेत. ते शोधून आणण्यासाठी १९०५ साली सरकारी कीटकशास्त्रज्ञ हॉवर्ड युरोपास गेले. त्यांच्या प्रयत्नांतून अमेरिकेत आलेल्या जीवांत एक वनवासी भुंगेरा होता : कॅलोसोमा सायकोफॅन्टा.

दगड किंवा पालापाचोळा उचलला की चपळाईने पळणारे जे भुंगेरे दिसतात, त्यांच्या कुळातला हा. या एका कुळात सुमारे चाळीस हजार जाती आहेत आणि प्रत्येकीचे पोट भरण्याचे तंत्र निराळे. युरोपच्या वनांतील एकीचे डोके इतके निमुळते की ते गोगलगायीच्या शंखात थेट शिरते. दुसरी, टपोऱ्या डोळ्यांची, पाचोळ्यात उड्या मारणारे सूक्ष्म कीटक दिवसाउजेडी टिपते. कोणी बिया खातात. कोणी शत्रूवर उकळत्या पाण्याइतका तप्त द्रव उडवितात. आपल्याकडचा सहा पांढऱ्या ठिपक्यांचा मोठा काळा भुंगेरा याच घराण्यातला. वनात राहणाऱ्या कित्येक जातींना तर उडताच येत नाही. मधे शेत किंवा रस्ता आला की त्यांची वाट खुंटते. म्हणूनच अशी जात एखाद्या रानात आढळली, तर ते रान जुने असावे असा तर्क जाणकार करतात.

कॅलोसोमा मात्र जमिनीवर थांबत नाही. सोनेरी झाक असलेल्या हिरव्या पंखांचा, जवळजवळ इंचभर लांबीचा हा भुंगेरा सुरवंटांच्या मागे झाडावर चढतो, आणि त्याची अळीही चढते. सुमारे दोन आठवड्यांच्या वाढीत एक अळी पन्नासएक सुरवंट फस्त करते. पूर्ण वाढलेला भुंगेरा दोन ते चार वर्षे जगतो; परंतु उन्हाळ्यातले काही आठवडेच तो बाहेर असतो, उरलेला काळ मातीत पुरून घेऊन काढतो. म्हणजे सुरवंटांचा हंगाम तोच त्याचा हंगाम. १९०५ ते १९१० या काळात आणलेले भुंगेरे न्यू इंग्लंडच्या रानांत रुजले. बर्जेस नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांच्या जीवनक्रमावर १९११ साली ग्रंथच लिहिला.

त्यांनी कीड संपविली असे मात्र नव्हे. सुरवंट वाढले की मागाहून दोनतीन वर्षांनी भुंगेरे वाढतात. तोवर पाने गेलेली असतात. पण १९०६ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका पाहुण्याकडे, कॉम्प्सिल्युरा या परजीवी माशीकडे पाहिले, की भुंगेऱ्याचे मोल कळते. त्या माशीला आवडनिवड नव्हती. दीडशेहून अधिक देशी जातींच्या अळ्यांना तिने ग्रासले. मोठे देशी रेशमी पतंग त्या भागात विरळ होण्यास ती बऱ्याच अंशी कारण असावी, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसते. त्रूव्हेलो ज्यांना हौसेने पाळीत होता, त्यांचेच हे भाऊबंद! दोन्ही पाहुणे एकाच हेतूने आणले गेले. परंतु माशी काय काय खाईल याची चौकशी त्या घाईत कोणी पुरेशी केली नव्हती, असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांतून डीडीटी फवारले गेले. १९५७ साली तर लक्षावधी एकरांवर. मासे व पक्षी मेले, लोक न्यायालयात गेले, पतंग राहिलाच. १९८९ पासून एक बुरशी सुरवंटांना मोठ्या प्रमाणावर मारू लागली आहे. पावसाळी वसंत ऋतूत तिचा जोर असतो. कोरड्या वर्षांत कीड पुन्हा डोके वर काढते आणि तिच्यामागून ओकच्या खोडांवर हिरवे भुंगेरे दिसू लागतात. पतंगाचे इंग्रजी नाव २०२२ साली बदलून 'स्पंजी पतंग' असे करण्यात आले, कारण जुने नाव रोमा लोकांना अवमानकारक होते. त्रूव्हेलो १८९५ साली फ्रान्समध्ये निवर्तला. चंद्रावरील एका विवराला त्याचे नाव आहे.