युक्लिडाचें तत्त्व आणि गणकयंत्र

दोन वस्तु एकाच तिसरीशीं समान असल्या तर त्या परस्परांशींहि समान असावयाच्या, हें युक्लिडानें आपल्या ग्रंथाच्या आरंभीं घातलेलें तत्त्व शाळेंतल्या मुलासहि सहज पटतें. दोन हजारांहून अधिक वर्षें तें अबाधित राहिलें. विसाव्या शतकांत भूमितीचें काम यंत्राच्या हातीं गेलें, आणि तेथें याच तत्त्वास बाध आला. तो कसा आला व कसा दूर झाला, हा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो.

१९४१ सालीं बर्लिन येथें कोनराड त्सूझे यानें पुरें केलेलें ‘झेड ३’ हें यंत्र प्रत्येक संख्या २२ द्विमान अंकांत बसवीत असे. पुढें १९८५ मध्यें विल्यम काहान प्रभृतींच्या खटपटीनें या ‘फ्लोटिंग पॉइंट’ पद्धतीचे सर्वमान्य नियम ठरले. अंक वाढले, तथापि जागा ठराविकच राहिली. दशमानांत एक तृतीयांश जसा पुरा लिहितां येत नाहीं, तसा द्विमानांत एक दशांश येत नाहीं. म्हणून या नियमांप्रमाणें ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३ शीं तंतोतंत जुळत नाहीं.

व्यवहारांत एवढा सूक्ष्म फरक कोणी मनावर घेत नाहीं. भूमितींत मात्र प्रश्न पुष्कळदां ‘किती’ असा नसून ‘कोणत्या बाजूस’ असा असतो. बिंदु रेषेच्या डावीकडे, उजवीकडे कीं रेषेवरच, हें एका गणिताच्या उत्तराच्या चिन्हावरून ठरतें. उत्तर शून्याच्या अगदीं जवळ असलें म्हणजे तें चिन्हच उलटें पडूं शकतें. मग बिंदुसमूहाभोंवतीं कुंपण आंखणारी कृति एखादा टोकाचा बिंदु बाहेर टाकते, अथवा अखंड फिरत राहते. केट्नर, मेलहोर्न प्रभृति पांच विद्वानांनीं २००४ सालीं अशीं उदाहरणें रीतसर मांडून दाखविलीं.

यावर सहज सुचणारा उपाय सूट देण्याचा: फरक अमक्याहून कमी असेल तर संख्या समान मानाव्या. परंतु मग पहिली दुसरीशीं समान, दुसरी तिसरीशीं समान, आणि पहिली व तिसरी मात्र असमान, असा प्रसंग येतो. युक्लिडाचें तत्त्वच तेथें ढासळतें.

१९९७ सालीं जोनाथन शूचक यानें प्रसिद्ध केलेली रीति निराळी आहे. आधीं झटपट गणित करावें, त्यांत चूक जास्तींत जास्त किती असूं शकेल तें काढावें, आणि चिन्ह संशयास्पद ठरलें तरच लागतील तितके अंक घेऊन पुढें जावें. १९९६ मध्यें युरोपांतील संशोधनसंस्थांनीं आरंभिलेल्या ‘सीगॅल’ या संग्रहांतहि निर्णय अचूक ठेवून मोजमाप स्थूल चालूं देण्याची सोय आहे.

आर्यभटानें २०,००० व्यासास ६२,८३२ परीघ सांगतांना तो ‘आसन्न’ असल्याचें नमूद केलें होतें. जवळची संख्या वापरण्यांत कमीपणा नाहीं. पण ती जवळचीच आहे हें विसरून तिच्यावर निर्णय सोंपविणें, हें आमच्या मतें गणितास मानवत नाहीं.