मालाच्या गलबतावरचे उतारू

काशीमिऱ्याच्या नाक्यावर आज उभे राहिले म्हणजे अहमदाबादच्या रस्त्याने येणाऱ्या आणि ठाण्याकडे वळणाऱ्या मालमोटारींची रांग संपता संपत नाही. काशी आणि मिरे या दोन गावांची नावे जोडून झालेले हे ठिकाण आपण रस्त्यामुळे ओळखतो. परंतु येथून थोडे उत्तरेस गेले की वसईची खाडी लागते आणि तिच्या काठी घोडबंदर आहे. डांबरी रस्ता होण्यापूर्वी कित्येक शतके येथला हमरस्ता पाण्याचा होता. त्या रस्त्याने माल येई आणि मालाच्या आडोशाने माणसेही येत. त्या माणसांचा विचार आपणांस येथे करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात आगबोटींच्या नियमित फेऱ्या सुरू झाल्या आणि केवळ उतारूंच्या सोयीसाठी बांधलेली जहाजे सर्वत्र दिसू लागली. त्यापूर्वी समुद्रावर जाणारा बहुतेक प्रत्येक प्रवासी मालाच्या गलबतावरचा पाहुणाच असे. गलबत निघे ते मालासाठी. थांबे तेही मालासाठी. उतारूने उरलेल्या जागेत पथारी पसरावी आणि वाऱ्याची वाट पाहावी, एवढेच त्याच्या हाती होते.

खाडीपलीकडच्या सोपाऱ्याची एक जुनी कथा बौद्ध ग्रंथांत आली आहे. सोपाऱ्याचा पूर्ण नावाचा व्यापारी श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांसह समुद्रावर गेला. हे सोबती पहाटे काही वचने गात. ही कसली गाणी, असे पूर्णाने विचारले, तेव्हा ही गाणी नव्हेत, बुद्धाची वचने आहेत, असे त्यास कळले. आणि त्याच्या आयुष्याची दिशा पालटली. कथा म्हणून ती बाजूस ठेवली तरी तिच्यातील मर्म खरे आहे. त्या काळी विचारांनाही स्वतंत्र जहाज नव्हते. तेदेखील मालाबरोबरच येत.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मुझच्या गलबतांचे वर्णन केले आहे. त्यांस लोखंडी खिळे नसत. फळ्या नारळाच्या काथ्याने शिवलेल्या असत. एक डोलकाठी, एक शीड, एक सुकाणू, आणि वर तक्तपोशी नाही. माल भरून झाला की त्यावर कातडी पसरीत आणि कातड्यांवर हिंदुस्थानात विकावयाचे घोडे उभे करीत. अशी पुष्कळ गलबते बुडत, असेही तो बजावतो. ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी करार होता, असे त्याने लिहिले आहे: लुटीतील घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. घोडबंदर म्हणजे घोड्यांचे बंदर, असे परंपरा सांगते. घोड्याला एवढा मान होता, तेथे माणसाच्या वाट्यास किती जागा येत असेल, हे सांगावयास नको.

इ. स. 1321 मध्ये अशाच एका गलबताने चार ख्रिस्ती साधूंना आणि त्यांच्या सोबत्याला ठाण्यास आणून सोडले. होर्मुझला त्यांनी करार केला होता तो मलबारातील कोल्लमला जाण्याचा. पण इच्छा नसता ते ठाण्यास येऊन पोहोचले. ठाणे तेव्हा दिल्लीच्या सुलतानाच्या अंमलाखाली होते. तेथे धर्मवाद पेटला आणि चौघांना प्राणास मुकावे लागले. सोबती जॉर्डानस त्या वेळी बाहेर गेल्यामुळे वाचला. मृतांना त्याने सोपाऱ्यास पुरले.

पुढे लवकरच त्यांचा पंथबंधू ओडोरिक होर्मुझहून 28 दिवसांत ठाण्यास आला. त्याचेही गलबत लोखंडावाचून बांधलेले होते. त्याने त्या अस्थी उकरून बरोबर घेतल्या आणि तो कोल्लमकडे निघाला. वाटेत वारा पडला. प्रत्येकाने आपापल्या देवाचा धावा केला, तरी शीड हलेना. तेव्हा ही हाडे समुद्रात टाकून देण्याची भाषा गलबताच्या प्रमुखाने सुरू केली. ओडोरिक म्हणतो की, त्याने गुपचूप एक हाड पाण्यात सोडले आणि वारा सुटला. चमत्कार बाजूला ठेवू. उतारूच्या सामानातली कोणती वस्तू जहाजावर राहावी, हे ठरविणाराही दुसराच असे, एवढे या प्रसंगावरून स्पष्ट होते. पुढे त्या अस्थी चीनपर्यंत गेल्या.

दीडशे वर्षांनंतर, 1470 च्या सुमारास, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. तो घोडा जुन्नरच्या खानाने हिरावून घेतला आणि पुष्कळ खटपटीनंतर परत दिला. परतताना निकितीन दाभोळला गलबतावर चढला. होर्मुझपर्यंतचे भाडे त्याने लिहून ठेवले आहे: माणशी दोन सोन्याची नाणी. एवढे देऊनही गलबत भलतीकडेच, हबसाणाच्या किनाऱ्यास लागले. तेथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटली, तेव्हा कोठे गलबताची लूट टळली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दाभोळहून निघालेल्या गलबतातील धान्याने उतारूंचे प्राण वाचविले.

हा प्रकार पुढेही लोपला नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बारांपेक्षा अधिक उतारू नेणारे जहाज उतारूंचे जहाज ठरते आणि त्यास अधिक कडक बंधने लागू होतात. म्हणून मालवाहू जहाजे बारापर्यंत उतारू घेत आली. हौशी माणसे अशा जहाजांतून जगप्रदक्षिणाही करीत. 1989 मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले. तेथे प्रचंड पेट्या यंत्रांनी चढतात-उतरतात आणि जहाजाचा मुक्काम तासांत मोजला जातो. गाव पाहावयास उतारूला सवड मिळेल की नाही, हे आजही मालच ठरवितो. 2020 च्या साथीत पुष्कळ कंपन्यांनी उतारू घेणे बंद केले, तेव्हा माल चालतच राहिला.

आता एक प्रश्न उरतो. ज्यांच्या लेखणीमुळे आपला किनारा आपणांस दिसतो, ते सारे परके. व्हेनिसचा, इटलीचा, रशियाचा माणूस आपल्या बंदरात पाऊल टाकतो आणि चार ओळी लिहून जातो. पण गलबत ज्यांनी हाकले ते नाखवे आणि खलाशी, मीठ आणि तांदूळ ज्यांनी चढविला ते हमाल, त्यांच्या हातची एक ओळ आपल्याजवळ नसावी, हे आपणांस बोचले पाहिजे. ठाण्याहून बाहेर पडलेले आपले लोक होर्मुझच्या धक्क्यावर उभे राहून काय पाहत होते? त्यांचे मौन आता भरून निघणे नाही.

परंतु अगदी अलीकडचे मौन अजून भरून काढता येईल. मिरे-भाईंदरची मिठागरे आणि त्यांतले मीठ वाहणारी गलबते ज्यांना आठवतात, त्यांची गोष्ट कोणी लिहून घ्यावी. तांडेलांची नावे, वाऱ्यांची नावे, भाड्याचे दर, वाटेतले मुक्काम, एवढे टिपले तरी पुरे. निकितीनने तरी दोन नाण्यांहून मोठे असे काय लिहिले होते? तरीही साडेपाचशे वर्षांनी आपण ते वाचतो आहोत.