यॉर्क : तटबंदीच्या आतील बाजारपेठ

इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्क हे सुमारे दोन लाख लोकवस्तीचे शहर ऊझ नदीच्या काठी वसले आहे. इ.स. 71 मध्ये रोमन सैन्याने येथे एबोराकम नावाचा तळ उभारला. पुढे व्हायकिंग आणि नॉर्मन सत्ताधाऱ्यांनीही या शहरावर आपला ठसा उमटवला. मध्ययुगात लोकरी कापडाच्या व्यापारामुळे यॉर्क हे इंग्लंडमधील अग्रगण्य शहरांपैकी एक बनले. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून वेगवान रेल्वेगाडीने सुमारे दोन तासांत येथे पोहोचता येते. स्थानकापासून जुने शहर पायी चालण्याच्या अंतरावर आहे. यॉर्क मिन्स्टर हे भव्य कॅथेड्रल आणि सव्वातीन किलोमीटरहून अधिक लांबीची तटबंदी पाहण्यासाठी येणारे पर्यटक खरेदीसाठीही येथे हमखास थांबतात.

तथापि, या बाजारपेठेचे स्वरूप झपाट्याने बदलले आहे. बीएचएस आणि डेबेनहॅम्स या ब्रिटनमधील जुन्या दुकानसाखळ्यांची दुकाने अनुक्रमे 2016 आणि 2021 मध्ये बंद झाली. इंटरनेटवरील खरेदी वाढली आणि जुन्या गल्ल्यांमधील व्यापार मुख्यतः पर्यटकांवर विसंबू लागला. परिणामी, यॉर्कचे नाव धारण करणारी प्रत्येक वस्तू यॉर्कमध्ये तयार झालेली असतेच असे नाही. कोणत्या रस्त्यावर काय मिळते आणि त्यातील अस्सल काय, याची माहिती असणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

रस्त्यांची नावे

येथील अनेक रस्त्यांच्या नावांत ‘गेट’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ दरवाजा असा नसून, व्हायकिंगांच्या भाषेतील ‘गाटा’ म्हणजे रस्ता या शब्दावरून तो आला आहे. तटबंदीच्या दरवाजांना येथे ‘बार’ म्हणतात. कॉपरगेट या नावाचा तांब्याशी संबंध नाही. ती लाकडी पेले आणि वाडगे घडवणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. 1976 ते 1981 या काळात झालेल्या उत्खननात येथे व्हायकिंग काळातील घरे, कार्यशाळा आणि हजारो वस्तू सापडल्या. त्याच जागी आज कॉपरगेट हे खरेदी केंद्र असून, 1984 मध्ये सुरू झालेले योर्विक व्हायकिंग सेंटर हे संग्रहालय तेथेच आहे. एक हजार वर्षांपूर्वी जेथे वस्तू घडत व विकल्या जात, तेथेच आजही विक्री चालू आहे.

शॅम्बल्स आणि बाजार

यॉर्कमधील सर्वांत प्रसिद्ध गल्ली म्हणजे शॅम्बल्स. ही मूळची खाटिकांची गल्ली. मांस मांडण्याच्या फळ्यांना पूर्वी जो शब्द वापरत, त्यावरून हे नाव पडले. दोन्ही बाजूंच्या मध्ययुगीन लाकडी घरांचे वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे आले आहेत की काही ठिकाणी ते एकमेकांना टेकतील असे वाटते. या रचनेमुळे मांसावर थेट ऊन पडत नसे. मांस टांगण्याचे लोखंडी आकडे आणि रुंद खिडकीफळ्या काही दुकानांबाहेर अद्याप दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही येथे पंचवीसच्या आसपास खाटीक व्यवसाय करत होते. आता भेटवस्तू, मिठाई आणि दागिन्यांची दुकाने त्यांच्या जागी आली आहेत.

जादूगारांच्या कथांशी निगडित वस्तू विकणारी दुकानेही अलीकडच्या वर्षांत येथे उघडली. हॅरी पॉटर चित्रपटांतील जादूचा बाजार या गल्लीवरून सुचला, असे पर्यटकांना वारंवार सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या चित्रपटांचे चित्रीकरण येथे झालेले नाही. तो बाजार स्टुडिओत उभारलेला होता. गल्ली पाहण्यासाठी सकाळी लवकर जाणे श्रेयस्कर, कारण दुपारी येथे पाऊल ठेवायलाही जागा नसते.

शॅम्बल्समधून अरुंद बोळांनी मागच्या बाजूस गेले की शॅम्बल्स मार्केट हा उघड्यावरचा बाजार लागतो. भाजी, फळे, मासे, कपडे, हस्तकलेच्या वस्तू आणि तयार खाद्यपदार्थ येथे मिळतात. शहरातील रहिवासीही येथे खरेदी करत असल्याने, पर्यटकांसाठी मांडलेल्या दुकानांपेक्षा येथील वातावरण वेगळे असते. नाताळपूर्वी जवळच्या पार्लमेंट स्ट्रीटवर लाकडी टपऱ्यांची जत्रा भरते. त्या काळात शहरात, विशेषतः शनिवार-रविवारी, प्रचंड गर्दी होते.

स्टोनगेट आणि पुस्तके

मिन्स्टरकडे जाणारा स्टोनगेट हा रस्ता रोमन तळातील एका प्रमुख मार्गावरच आहे. येथे कपडे, दागिने, चित्रे आणि भेटवस्तूंची दुकाने आहेत. एकेकाळी हा मुद्रक आणि ग्रंथविक्रेत्यांचा रस्ता होता. एका इमारतीच्या कोपऱ्यावर बसवलेली तांबड्या सैतानाची लहानशी मूर्ती हे छापखान्याचे चिन्ह होय. छापखान्यातील उमेदवार मुलाला इंग्रजीत गमतीने ‘सैतान’ म्हणत. लॉरेन्स स्टर्न यांच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या गाजलेल्या कादंबरीचे पहिले दोन खंड 1759 च्या अखेरीस याच रस्त्यावर विक्रीस आले होते.

स्टोनगेट जेथे मिन्स्टरजवळ संपतो, तेथे ग्रंथांच्या ढिगावर रेललेली मिनर्व्हा या विद्यादेवतेची मूर्ती आहे. तीही जुन्या पुस्तकदुकानाचीच खूण. जुनी पुस्तके विकणारी दुकाने या परिसरात आणि नदीपलीकडील मिकलगेट भागात शोधावीत. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकांवर मूल्यवर्धित कर लागत नाही, त्यामुळे ही खरेदी तुलनेने परवडते.

चॉकलेटचे शहर

यॉर्कमधील चॉकलेट व्यवसायाचा उगम एका किराणा दुकानात आहे. मेरी ट्यूक या क्वेकर पंथीय तरुणीने 1725 मध्ये येथे व्यापार सुरू केला. व्यापाऱ्यांच्या संघाची परवानगी नसल्याने संघाने तिच्यामागे दंडाचा ससेमिरा लावला. मात्र तिने माघार घेतली नाही आणि काही वर्षांनी संघालाच नमते घ्यावे लागले. तिच्या वारसांचा कोकोचा व्यवसाय 1862 मध्ये हेन्री आयझॅक राउंट्री यांनी विकत घेतला. भारतातही घरोघरी परिचित असलेले किटकॅट राउंट्री कंपनीने 1935 मध्ये प्रथम वेगळ्या नावाने बाजारात आणले. 1988 मध्ये ही कंपनी नेस्लेने ताब्यात घेतली. किटकॅटचे उत्पादन यॉर्कमध्ये आजही होते.

टेरी या दुसऱ्या मोठ्या कंपनीची कथा वेगळी आहे. संत्र्याच्या आकाराचे तिचे चॉकलेट 1932 पासून लोकप्रिय आहे. परंतु यॉर्कमधील कारखाना 2005 मध्ये बंद झाला आणि उत्पादन युरोप खंडात हलवण्यात आले. खोक्यावरील नाव तेच राहिले. शेकडो कामगारांचा रोजगार मात्र गेला. सेंट हेलेन्स स्क्वेअरमधील कंपनीच्या जुन्या दुकानाच्या दर्शनी भागावर टेरी हे नाव अजूनही वाचता येते. म्हणूनच ‘यॉर्कचे चॉकलेट’ घ्यावयाचे असल्यास, शहरातच चॉकलेट बनवणाऱ्या लहान उत्पादकांची दुकाने निवडावीत आणि वेष्टनावर उत्पादनाचे ठिकाण पाहावे. किंग्ज स्क्वेअरमध्ये या उद्योगाचा इतिहास सांगणारे प्रदर्शनही आहे.

चहा आणि चीज

सेंट हेलेन्स स्क्वेअरमध्येच बेटीज हे प्रसिद्ध चहागृह आहे. फ्रेडरिक बेलमाँट या स्विस मिठाईकाराने 1919 मध्ये हॅरोगेट येथे या व्यवसायाची सुरुवात केली. यॉर्कमधील चहागृहाची सजावट त्यांनी ‘क्वीन मेरी’ या प्रवासी जहाजाच्या धर्तीवर करून घेतली. आत बसण्यासाठी रांग लावावी लागते. केवळ केक, बिस्किटे वा चहा विकत घ्यावयाचा असल्यास दुकानाच्या भागात तुलनेने लवकर काम होते. याच उद्योगसमूहाचा यॉर्कशायर टी हा चहा ब्रिटनभर खपतो. यॉर्कशायरमध्ये चहाचे मळे नाहीत. या मिश्रणात आसाम आणि आफ्रिकेतील पानांचा वापर होतो. आसामचा चहा भेट म्हणून परत भारतात आणण्यापूर्वी हे ध्यानात असावे!

वेन्स्लीडेल हे यॉर्कशायरचे प्रसिद्ध चीज. यॉर्कशायर वेन्स्लीडेल या नावाला 2013 मध्ये भौगोलिक संरक्षण मिळाले. शाकाहारी ग्राहकांनी चीजमधील रेनेट प्राणिजन्य आहे का आणि मिठाईत जिलेटिन आहे का, हे विचारून घ्यावे.

चांदी, जेट आणि जुन्या वस्तू

यॉर्कमधील दागिन्यांच्या दुकानांत ‘व्हिटबी जेट’ नावाचा काळाभोर रत्नपदार्थ दिसतो. पूर्वेकडील व्हिटबी या किनारी गावाच्या परिसरात तो सापडतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे लाकूड गाडले जाऊन तो तयार झाला. 1861 मध्ये पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या निधनानंतर राणी व्हिक्टोरिया यांनी शोकाचे दागिने म्हणून जेट वापरले आणि त्याची मागणी वाढली. ‘फ्रेंच जेट’ या नावाने विकली जाते ती मात्र काळी काच असते. खरे जेट हलके असते आणि हाताला गार लागत नाही. काच जड आणि थंड लागते.

चांदीच्या वस्तूंवर हॉलमार्क पाहावा. स्टर्लिंग चांदीत हजारात 925 भाग शुद्ध चांदी असते. 7.78 ग्रॅमपेक्षा अधिक वजनाची वस्तू चांदीची म्हणून विकताना ब्रिटनमध्ये हॉलमार्क बंधनकारक आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानांतून हस्तिदंती वस्तू घेऊ नयेत. अत्यल्प अपवाद वगळता त्यांच्या व्यापारावर ब्रिटनमध्ये 2022 पासून बंदी लागू आहे.

गर्दीपासून दूर

मुख्य चौकांपासून थोडे दूर गेल्यास स्वतंत्र दुकानदारांचे रस्ते लागतात. फॉसगेटवर लहान दुकाने व उपाहारगृहे असून, 1357 मध्ये बांधकाम सुरू झालेले मर्चंट ॲडव्हेंचरर्स हॉल हे व्यापाऱ्यांचे सभागृह याच रस्त्यालगत आहे. मेरी ट्यूकला विरोध करणारा संघ तो हाच. गुड्रमगेट आणि गिलिगेट येथेही छोटी दुकाने आढळतात. धर्मादाय संस्थांच्या दुकानांत वापरलेली पुस्तके, कपडे व भांडी स्वस्तात मिळतात आणि पैसा समाजकार्यासाठी खर्च होतो. नामांकित ब्रँडचे कपडे सवलतीत हवे असल्यास शहराबाहेरील फुलफर्ड येथील यॉर्क डिझायनर आउटलेटला बसने जाता येते.

ग्राहकांसाठी उपयुक्त माहिती

वेळा : रविवारी 280 चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना सकाळी 10 ते सायंकाळी 6 या दरम्यान सलग सहा तासच व्यवसाय करता येतो. ईस्टर संडे आणि नाताळच्या दिवशी ती बंद असतात.

कर : दुकानातील किमतीत मूल्यवर्धित कर समाविष्ट असतो, बहुतांश वस्तूंवर तो 20 टक्के आहे. लहान मुलांच्या कपड्यांवर तो आकारला जात नाही. परदेशी पर्यटकांना विमानतळावर हा कर परत देण्याची योजना इंग्लंडमध्ये 2020 च्या अखेरीस बंद झाली. दुकानदाराने वस्तू थेट परदेशी पत्त्यावर पाठवल्यास कर वगळता येतो. मात्र भारतात त्यावर सीमाशुल्क लागू शकते.

चलन : कागदी 20 आणि 50 पौंडांच्या नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर दुकानांत चालत नाहीत. घरी जुन्या नोटा असल्यास प्रवासापूर्वीच तपासून घ्याव्यात. कार्ड सर्वत्र स्वीकारले जाते.

ग्राहकांचे हक्क : 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू 30 दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. केवळ मत बदलले म्हणून वस्तू परत घेण्याचे बंधन दुकानदारावर नाही. पावती जपून ठेवावी.

यॉर्कच्या गल्ल्या शतकानुशतके टिकल्या, कारण तेथे सतत काहीतरी घडत आणि विकले जात राहिले. ही वस्तू कोठे तयार झाली, हा साधा प्रश्न ग्राहकाने दुकानात विचारला, तर फसवणूक टळते आणि तेथील कारागिरांनाही हक्काचे गिऱ्हाईक मिळते.