ब्लड पॅचची कुळकथा

प्रसूतिवेदना शमविण्याकरिता पाठीत एपिड्यूरलची सुई घालताना ती नियोजित जागी न थांबता आतील, कण्यातील द्रव धरून ठेवणाऱ्या ड्यूरा नावाच्या आवरणास भेदून गेली (असा प्रसंग शंभरांत एखादीच्याच वाट्याला येतो), तर अशा बाळंतिणींपैकी निम्म्याहून अधिक जणींना एक-दोन दिवसांनी दुर्धर डोकेदुखी जडते; आणि तिच्यावरचा आजचा सर्वांत परिणामकारक इलाज म्हणजे त्याच बाईच्या दंडातून काढलेले रक्त तिच्या पाठीत टोचणे, म्हणजेच ब्लड पॅच, हा होय.

या व्याधीची प्रसिद्ध कैफियत एपिड्यूरलच्याही आधीची, १८९८ सालची, आणि ती लिहून ठेवणारा रोगी स्वतः शल्यवैद्यच होता. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बियर याने कण्यातील द्रवात कोकेन सोडून बधिरता आणण्याचा प्रयोग स्वतःवर करविण्याचे योजिले. परंतु हिल्डेब्रांट या सहायकाची पिचकारी सुईवर नीट बसेना, आणि औषध आत जाण्याऐवजी बियरच्या कण्यातील पाणीच पुष्कळसे बाहेर सांडले. मग जागांची अदलाबदल झाली. बधिर झालेल्या हिल्डेब्रांटच्या नडगीवर लोखंडी हातोडी हाणून खातरजमा करण्यात आली, आणि रात्री उभयतांनी मद्य व चिरूट यांसह यथेच्छ भोजन केले. दुसऱ्या दिवशी बियरचे डोके जे धरले ते नऊ दिवस: उठले की घेरी आणि ठणका, आडवे झाले की सारे नाहीसे. द्रव गळाल्याचा हा परिणाम, हे त्याचे अनुमान यथार्थ होते. पाण्याचा आधार घटला म्हणजे उभ्या स्थितीत मेंदू खाली ओढला जातो आणि त्याच्या भोवतालची आवरणे व शिरा ताणल्या जातात.

पुढे साठ वर्षे निजून राहणे, पाणी पिणे, पोटाला पट्टा आवळणे, असलेच उपाय चालले. रात्रीतून चारदा तान्ह्याला घ्यायला उठणाऱ्या बाईस पडून राहण्याचा हुकूम फर्मावणारे बहुधा पुरुषच असावेत.

१९६० साली पेनसिल्व्हेनियातील जेम्स गॉर्मली या शल्यवैद्यास असे वाटले, की कण्यात सुई टोचताना ज्यांना रक्त येते, म्हणजे ज्यांची टोचणी बिघडते, त्यांचेच डोके कमी दुखते. त्याने दोन-तीन मिलिलिटर रक्त टोचून सात जणांना बरे केले, आणि त्या सातांत तो स्वतःही होता. जंतुसंसर्गाच्या व आत व्रण धरण्याच्या धास्तीने ही तजवीज दहा वर्षे दप्तरीच राहिली. १९७० मध्ये डिजोव्हानी व डनबार यांनी दहा मिलिलिटर रक्त वापरून तिची रुजवात घातली, आणि आता बाळंतिणींसाठी प्रमाण वीसच्या आसपास आहे. एक डॉक्टर दंडातून रक्त काढतो, दुसरा ते पाठीत हळूहळू सोडतो, आणि पाठ जड वाटू लागली असे बाई म्हणाली की थांबतो. त्या दाबानेच पुष्कळदा डोके तिथल्या तिथे उतरते. ड्यूराचे भोक बुजविण्याचे काम मागाहून गोठलेले रक्त करते.

मात्र दुखणे अंगावर काढले, तर त्या ताणलेल्या शिरांपैकी एखादी फुटून कवटीच्या आत रक्त साचू शकते, आणि हे कधी बारसे उरकल्यानंतरही, काही आठवड्यांनी घडते. आडवे झाल्यावरही डोके उतरेनासे झाले, एकाची दोन दिसू लागली, किंवा झापड येऊ लागली, तर पाठीत रक्त टोचण्याआधी मेंदूचा स्कॅन काढावा लागतो.