सुलतान बाजारात ऐकलेला टोमणा

नोकरीनिमित्त हैदराबादेत काढलेल्या वर्षांत चारमिनार मी पाहुण्यांना दाखवण्यापुरताच पाहिला. माझा रविवार सुलतान बाजाराचा. काचीगुडा स्टेशनापासून पायी निघायचे, बडी चावडी ओलांडायची, इराण्याच्या हॉटेलात चहाबरोबर उस्मानिया बिस्किट खायचे आणि मग दोन ठिकाणी रेंगाळायचे. एक, मराठी मंडळींची विवेकवर्धिनी शाळा. दुसरे, तेलुगूंचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय.

या पेठेचे जुने नाव रेसिडेन्सी बाजार. १९३३ पर्यंत इथे ब्रिटिश रेसिडेंटचा अंमल होता. निजामी हद्दीत सभा-संस्थांना परवानगी मिळवणे जिकिरीचे, त्यामानाने इथे मोकळीक होती. निलयम १९०१चे. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव नागपुरात शिकलेले, मराठीतही लिहिणारे! विवेकवर्धिनी १९०७ची. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक ही नावे मराठवाड्यात आजही आदराने घेतली जातात, आणि ते योग्यच आहे.

निलयममध्ये एकदा एका वृद्ध वाचकाने विचारले, ‘कहाँ से?’ मी म्हणालो, जालना. ‘अच्छा, तो आप विवेकवर्धिनीवाले!’ ते हसले. मला तो गौरव वाटला. टोमणा होता हे कळायला काही महिने गेले.

नोव्हेंबर १९२१. विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात संस्थानातील सामाजिक परिषद भरली होती, अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. उर्दू, इंग्रजी, मराठी भाषणे लोकांनी शांतपणे ऐकली. अल्लमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले, तेव्हा मराठी श्रोत्यांनी टाळ्या पिटून, हुर्यो करून त्यांना खाली बसवले. त्याच रात्री काही तेलुगू मंडळी एकत्र जमली आणि आंध्र जनसंघ स्थापन झाला. (नावावरून पुढच्या काळातल्या पक्षाशी त्याचा संबंध जोडू नये.) त्यातूनच आंध्र महासभा उभी राहिली, तिचे पहिले अधिवेशन १९३० साली जोगीपेठला भरले.

संस्थानात उर्दूपुढे मराठीची गळचेपी झाली, हे ऐकतच आमची पिढी वाढली. ते खरेच आहे. पण त्या दिवशी सभागृहात ज्यांचे पारडे जड होते ते आपण होतो, आणि आपण उर्दू निमूट ऐकून घेतली, तेलुगू मात्र नाही. कर्व्यांसारखा अध्यक्ष असूनही हे घडले, हे मला अधिक लागते.

आता सुलतान बाजाराच्या डोक्यावरून मेट्रो धावते. २०२०पासून तिथे स्टेशनच आहे. मागच्या खेपेस उतरलो तर बडी चावडीची वाट विचारावी लागली.

मराठी भागाची महाराष्ट्र परिषद १९३७ साली परतूरला भरली, म्हणजे जोगीपेठनंतर सात वर्षांनी. परतूर आज आपल्या जालना जिल्ह्यात. त्या अधिवेशनाची हकीकत मी लहानपणीच ऐकली होती. टाळ्यांची हकीकत मला निलयममधल्या एका तेलुगू मित्राने सांगितली, तीही बऱ्याच आढेवेढ्यांनंतर, मला वाईट वाटू नये म्हणून.